आमचा मसुदा, ग्रामसभेचा ठराव

विधवा प्रथा बंद व्हाव्यात म्हणून गावातल्या बायकांनी राज्याच्या कायद्यासाठी धडपड केली तर तिची दखल आधी कुणी घ्यायला हवी? मी तरी ग्रामपंचायतीनेच म्हणेन. आमदार-मंत्र्यांच्या कौतुकाची पाळी त्यानंतरची. 26 जानेवारी 2023 च्या ग्रामसभेत आमच्या सरपंचांनी तसा ठराव मांडला, तो मंजूर झाला आणि इतिवृत्तात उतरला. तिथपर्यंत आम्ही कशा पोहोचलो आणि त्या कागदाने पुढे काय काय सोपं केलं, हे आसपासच्या गावांतल्या बचत गटाच्या बायका सारख्या विचारतात. तोंडी सांगताना दर वेळी निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

मी गावच्या महिला ग्रामसंघाची सचिव. 'उमेद' अभियानात गावात बचत गट झाले, सगळ्या गटांचा मिळून ग्रामसंघ झाला आणि हिशेब-इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. गाव कृष्णाकाठचं, उसाचं. 2021 च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गावातली कर्ती, तरणी माणसं गेली. गटात बेधडक बोलणाऱ्या, बँकेत जाऊन साहेबाशी भांडणाऱ्या बायका एकाएकी बैठकीला यायच्या बंद झाल्या. त्यांचे हप्ते यायचे, पोराबाळांच्या हाती. त्या स्वतः यायच्या नाहीत. एकीच्या घरी आम्ही गेलो तर ती दारामागूनच बोलली. दवाखान्यातून नवऱ्याचं तोंडही तिला बघायला मिळालं नव्हतं. अंत्यसंस्कार परस्पर झाले होते. पण घरात बांगड्या फोडायचं, कुंकू पुसायचं काही राहिलं नव्हतं. ज्या काळात माणूस माणसाला शिवत नव्हता, त्या काळातही या एका कामासाठी चार हात पुढे आले होते. ते ऐकल्यापासून आमच्या बैठकीत या विषयाने ठाण मांडलं.

पण बोलून पुढे काय करायचं, हे सुचत नव्हतं. वाट दाखवली ती हेरवाडने. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हे गाव. तिथल्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं आणि मग तिला शुभकार्यापासून लांब ठेवणं, हे गावाने थांबवायचं असं ठरलं. सुरगोंडा पाटील तेव्हा तिथले सरपंच. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे या विषयाचा पाठपुरावा करत होते, त्यांच्या हाकेला हेरवाडने प्रतिसाद दिला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. महाराज 6 मे 1922 रोजी गेले, त्याला शंभर वर्षं होत होती. थोरला आधार होता तो. धाकट्या मुलाचं 1918 मध्ये निधन झाल्यावर महाराजांनी सून इंदुमतीला कोपऱ्यात बसवलं नाही, तिच्या शिक्षणाची सोय केली. आमच्या भागात घराघरात शाहू महाराजांचा फोटो असतो, पण ही गोष्ट पुष्कळ घरांना ठाऊक नव्हती. आम्ही ती पुढे प्रत्येक सभेत सांगितली.

हेरवाडच्या ठरावानंतर पंधरा दिवसांच्या आत, 17 मे 2022 रोजी, ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं. हेरवाडचा आदर्श घेऊन इतर ग्रामपंचायतींनीही या प्रथा बंद व्हाव्यात म्हणून जनजागृती करावी, असा त्याचा आशय. ग्रामविकास मंत्री तेव्हा हसन मुश्रीफ होते. एका गावाने ठराव केला आणि राज्याने तो उचलला, हे आम्हाला फार मोठं वाटलं. एरवी कागद मुंबईहून गावाकडे येतात. हा गावातून मुंबईला गेला होता.

ग्रामसंघाच्या बैठकीत मी परिपत्रक मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर मागे बसलेली एक शेतमजूर बाई म्हणाली, "ताई, हे कोण पाळलं नाही तर त्याला काय?" काहीच नाही, हेच खरं उत्तर होतं. परिपत्रक आवाहन करतं, शिक्षा करत नाही. त्यात तक्रार कुठे करायची हेही नाही. त्या प्रश्नातून आमची कायद्याची मागणी जन्मली.

कायदा हा शब्द उच्चारायला सोपा आहे. त्यात काय असावं, हे ठरवायला बसलो तेव्हा खरा कस लागला. गावची एक लेक तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. ती रविवारी येऊ लागली. तिने आम्हाला आधीच्या दोन कायद्यांचा प्रवास सांगितला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं झुंज दिली, मसुद्यात पुन्हा पुन्हा बदल झाले आणि 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर त्याच महिन्यात अध्यादेश निघाला. डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने कायदा केला. दुसरा, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा. विधिमंडळाने तो एप्रिल 2016 मध्ये मंजूर केला, पण राष्ट्रपतींची संमती मिळून अंमल सुरू व्हायला 3 जुलै 2017 उजाडला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. हे ऐकून आमच्यातल्या काही जणींचा धीर खचला. मला मात्र त्यातून बळ मिळालं. या दोन्ही कायद्यांमागे साधी माणसं उभी होती आणि त्यांनी चिकाटी सोडली नव्हती.

मग शिक्षेचा मुद्दा आला आणि बैठक अडली. आमच्यात ज्या बाईने सगळ्यात जास्त सोसलं होतं, तीच म्हणाली, "मला शिक्षा नको." का? तर तिच्या बांगड्या फोडणारी तिची चुलत सासू होती आणि ती स्वतः विधवा होती. हे आमच्याकडचं वास्तव आहे. हे काम बहुतेक वेळा विधवेच्याच हातून करून घेतात. कधीकाळी जिच्या बांगड्या फोडल्या गेल्या, तिलाच पुढे दुसरीच्या फोडायला बसवतात. शिक्षा ठेवली तर पहिली तुरुंगात जाणार ती सत्तरीची म्हातारी, आणि तिला पुढे करणारे पुरुष बाहेर अंगणात खुर्चीवर बसलेले असणार. हा विचार कुठल्याही भाषणात आमच्या कानावर आला नव्हता. तो आमच्या बैठकीत निघाला. आमच्या सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची गोष्ट, असं मी मानते.

त्यावर बराच काळ चर्चा चालली. शेवटी असं लिहायचं ठरलं: बाईच्या मनाविरुद्ध केलेली जबरदस्ती हा गुन्हा मानावा, पण करायला लावणारे आणि प्रत्यक्ष करणारी यांत फरक करावा. पहिल्या वेळी लेखी समज द्यावी. बाईच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोडीला वाव असावा. सामाजिक बहिष्काराच्या कायद्यात अशी सोय आहे, हे वकील ताईने दाखवलं. आणि एखादीला स्वतःहून मंगळसूत्र काढून ठेवावंसं वाटलं, तर तोही तिचा अधिकार आहे, तिच्यावर कुणी बोट ठेवू नये. हे शेवटचं वाक्य घालावं म्हणून आमच्या अध्यक्ष आक्कांनी आग्रह धरला. त्यांचं म्हणणं होतं की बाईवर एक सक्ती काढून दुसरी लादायची नाही.

तक्रार कुणाकडे? पोलीस ठाणं लांब आणि दुःखाच्या घरातून तिथे जाणार कोण? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहेत. त्यांच्याकडेच हे काम द्यावं आणि गावात ग्रामसेवकाने तक्रार लिहून घेऊन पुढे पाठवावी, असं आम्ही मांडलं.

आणखी एक मुद्दा आला तो थेट सात-बाऱ्यावरून. बाई कोपऱ्यात बसलेली असते, सुतकाचे दिवस असतात, आणि त्याच काळात वारस नोंदीच्या नावाखाली तिच्यापुढे कागद येतात. त्यात हक्कसोडपत्र, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याचा कागद, असतं. "भाऊबंद बघतील की तुझं" म्हणून सही घेतली जाते. कुंकू पुसण्याशी याचा काय संबंध, असं एका पुढाऱ्याने पुढे आम्हाला विचारलं. संबंध सरळ आहे. जिला घरातल्या लग्नात अक्षता टाकायची मुभा नाही, तिला जमिनीच्या वाटणीत कोण बोलू देणार? आधी तिचं स्थान काढून घेतात, मग रान. म्हणून आम्ही लिहिलं की नवऱ्याच्या निधनानंतर एक वर्षाच्या आत विधवेकडून घेतलेलं हक्कसोडपत्र तिची स्वतंत्र, एकटीची जबानी घेतल्याशिवाय नोंदवू नये.

मसुदा म्हणजे असा वहीतल्या पानांवरचा. तो ग्रामसभेपुढे न्यायचा होता. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. कागदावर ती सगळीकडे होते. आम्ही ती खरोखर भरवली. 15 ऑगस्ट 2022 च्या ग्रामसभेआधी समाजमंदिरात बायका दाटीवाटीने बसल्या. एकल महिलांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. काही जणी पहिल्यांदाच चार लोकांत आल्या होत्या, पदर पुढे ओढून. बोलल्या कमी, पण उठून गेल्या नाहीत.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एक अडचण काढली आणि ती रास्त होती. गावापुरता ठराव ग्रामसभा करू शकते, पण राज्याने कायदा करावा असं ठरवणं ग्रामसभेच्या अधिकारात कसं बसेल? त्यांनी वर विचारलं, आम्ही वकील ताईला विचारलं, आणि मार्ग निघाला. एक नाही, दोन ठराव करायचे. पहिला, आपल्या गावात या प्रथा बंद. दुसरा, राज्य शासनाने कायदा करावा अशी ग्रामसभेची शिफारस, सोबत महिला सभेने तयार केलेला मसुदा. दुसऱ्या गावांना माझं सांगणं आहे की हे दोन ठराव एकत्र करू नका. एकत्र केले तर 'अधिकाराबाहेरचा विषय' म्हणून सगळंच बाजूला पडू शकतं. आणि विषय छापील विषयपत्रिकेत येऊ द्या. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात ढकलला तर तोवर माणसं चहाला उठलेली असतात.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जे कमी असेल ते. त्या दिवशी नुसत्या बायकांनीच ती भरली. 'हर घर तिरंगा'मुळे गावात उत्साह होता, शाळेच्या पटांगणात मंडप होता. विरोध झाला. निवृत्त गुरुजींनी विचारलं, "विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 साली झाला. त्याने किती फरक पडला? कायद्याने माणसाचं मन बदलत नाही." गुरुजींचा मुद्दा मनापासूनचा होता. आक्का उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मन बदलायला आम्ही बसलोय की. पण तोवर बाईनं जायचं कुठं, एवढं तरी कायद्यानं सांगावं." दोन्ही ठराव हात वर करून मंजूर झाले. काही हात खालीच राहिले. त्यांत उपसरपंचांचाही होता.

यानंतरचा काळ कंटाळवाणा, पण सांगायला हवा. ठरावाच्या प्रमाणित प्रती, त्यावर सहीशिक्का, जावक क्रमांक, पोच. पंचायत समितीत गेलो तर तिथे सभापती नव्हते. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली होती, निवडणुका लांबल्या होत्या आणि प्रशासक कारभार पाहत होते. ज्यांच्यापुढे आपलं म्हणणं मांडायचं, असं निवडून आलेलं माणूस तालुक्याला नव्हतंच. जून 2022 अखेर राज्यातलं सरकारही बदललं होतं. ज्या मंत्र्यांच्या काळात परिपत्रक निघालं, ते त्या खात्यात राहिले नव्हते. अशा वेळी सामान्य माणसाच्या हाती निवडून आलेला एकच जवळचा माणूस उरतो, सरपंच. म्हणून मी म्हणते, दखल घेण्याची सुरुवात तिथून व्हायला हवी.

एका कार्यालयात आम्ही मसुदा घेऊन गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "तुम्ही कोण? संस्था नोंदणीकृत आहे का?" ग्रामसंघ आहे म्हटलं तर, "ते कर्जाचं काम. कायद्याचं काय?" ग्रामसभेचा ठराव दाखवला. त्यात ग्रामसभेने शिफारस केली, एवढंच होतं. मसुदा कुणी लिहिला, त्यावर कुणी चर्चा केली, यातलं काही नव्हतं. समोरच्याने कागद ठेवून घेतला आणि म्हणाला, सरपंचांना पाठवा. त्यात त्याची एकट्याची चूक नव्हती. आमचं काम कुठेही नोंदलेलंच नव्हतं.

परत आल्यावर आक्का आणि मी सरपंच आप्पांना भेटलो. आप्पा म्हणाले, "मग सत्कार करूया की तुमचा. 26 जानेवारीला. शाल, श्रीफळ, सगळ्यांसमोर." त्यांच्या मनात खोट नव्हती. सत्काराने मान मिळतो, आम्हालाही तो हवाच होता. त्याच सुमारास ठिकठिकाणी एकल महिलांचं हळदीकुंकू होत होतं, आमच्याकडेही करूया असं त्यांनी सुचवलं. आम्ही म्हटलं, आप्पा, हळदीकुंकू करा, शाल द्या, आनंदच आहे. पण त्याआधी ठराव करा. ग्रामसंघाने काय केलं ते ग्रामपंचायतीच्या पुस्तकात लिहा. शाल घेऊन आम्ही तालुक्याला जाऊ शकत नाही, ठरावाची नक्कल घेऊन जाऊ शकतो.

आप्पांनी ते लगेच धरलं. त्यांची ही जाण मला आजही महत्त्वाची वाटते. बरेच पुढारी अशा वेळी म्हणतात, ठराव कशाला, शब्द आहे ना माझा. त्यांनी तसं म्हटलं नाही.

भाऊसाहेबांनी पहिला मसुदा केला त्यात वाक्य होतं, 'ग्रामपंचायतीच्या प्रयत्नांनी व महिलांच्या सहकार्याने'. आम्ही तिघी-चौघी बसून ते उलटं करून घेतलं: 'महिला ग्रामसंघाने पुढाकार घेऊन, महिला सभेत चर्चा करून कायद्याच्या सूचना तयार केल्या, ग्रामपंचायतीने त्यास सहकार्य केले.' एवढ्याशा बदलाला भाऊसाहेब सुरुवातीला नाखूश होते, कारण छापाचा नमुना ठरलेला असतो. आप्पा म्हणाले, "जे झालं तेच लिहायचं. लिहा तसं."

खरी अडचण नावांची होती. आम्हाला वाटत होतं, ज्या एकल महिलांनी स्वतःचा अनुभव सांगून मसुद्याला आकार दिला, त्यांची नावं ठरावात यावीत. नाव येणं म्हणजे मान. पण त्यांतल्या एकीने नको म्हटलं. तिचा दीर-जावेबरोबर जमिनीचा वाद चालू होता आणि नाव आलं तर घरात वाढीव त्रास झाला असता. दुसरी मात्र म्हणाली, माझं नाव पूर्ण लिहा, नवऱ्याच्या नावासकट. दोघींचं म्हणणं सांभाळायचं होतं. शेवटी ठरावात लिहिलं की ग्रामसंघातील एकल महिलांच्या अनुभवकथनावर या सूचना आधारलेल्या आहेत, आणि ज्यांची लेखी संमती आहे त्यांचीच नावं सोबतच्या यादीत. कौतुक करतानाही बाईला विचारून करायचं असतं. हे आमच्या ग्रामपंचायतीला पटलं, याचं मला समाधान आहे.

26 जानेवारीला झेंडावंदनानंतर सभा झाली. आप्पांनी ठराव स्वतः वाचला. हेरवाडचा उल्लेख केला, शाहू महाराजांचा केला, आणि मग म्हणाले की या गावात कायद्याचा विचार पहिल्यांदा बायकांनी केला, आम्ही पंच मंडळी त्यांच्या मागून आलो. निवडून आलेल्या माणसाच्या तोंडून, भर सभेत, माईकवरून हे आलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने माझा हात घट्ट धरला होता. मी इतिवृत्त लिहिणारी, मला लिहायचं सुचेना. उपसरपंच त्या दिवशीही बोलले नाहीत, पण विरोधात हात वर केला नाही. निवृत्त गुरुजींनी सही केली.

ठरावाचा शेवटचा भाग मला सर्वांत आवडतो, कारण त्यात ग्रामपंचायतीने स्वतःवर काम घेतलं. गावात कुणाचं निधन झालं आणि मागे पत्नी असेल, तर एक ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसंघाची एक महिला अंत्यविधीआधी त्या घरी जातील आणि घरच्यांशी बोलतील, असं त्यात लिहिलं आहे. नुसतं 'अभिनंदन करते' म्हणून थांबलं असतं तर तो कागद आमच्यासाठी निम्म्या किमतीचा राहिला असता.

फेब्रुवारीतच त्याची वेळ आली. गावात एकाचं निधन झालं. आप्पा, एक सदस्य आणि आक्का असे तिघं गेले. आप्पांनी घरच्या पुरुषांना बाजूला घेऊन सांगितलं, आक्का आत बायकांत बसल्या. बांगड्या फोडल्या नाहीत, जोडवी काढली नाहीत. कुंकू मात्र सासूने पुसलं, आक्का समोर असताना. आक्का काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, त्या माउलीचा लेक गेला होता, तिच्याशी त्या क्षणी कोण वाद घालणार? काही जणींना हे कमी वाटलं. मला ते तसं वाटत नाही. ती सून दहाव्यानंतर बैठकीला आली, हातात बांगड्या होत्या, आणि वारस नोंदीचे कागद घेऊन आली. हक्कसोडपत्रावर सही करायच्या आधी तिने आम्हाला विचारलं. आमच्या मसुद्यातलं ते कलम राज्यात कायदा व्हायच्या आधी एका घरात कामी आलं.

ठरावाची नक्कल घेऊन आम्ही आमदारांच्या कार्यालयात गेलो. या वेळी कुणी 'तुम्ही कोण' विचारलं नाही. स्वीय सहायकांनी ठराव वाचला, मसुदा वाचला आणि हक्कसोडपत्राच्या मुद्द्यावर दोन प्रश्न विचारले. म्हणजे खरंच वाचला. निवेदन संबंधित विभागाकडे पाठवल्याची प्रत आम्हाला मिळाली. आमदार अशासकीय विधेयक मांडू शकतात, विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते, तिथेही अर्ज करता येतो, ही माहितीही त्याच भेटीत मिळाली. आमच्या तालुक्यातल्या आणखी काही सरपंचांनी आपापल्या ग्रामसभेत दोन्ही ठराव घेतले, आणि त्यांच्या गावात काम करणाऱ्या गटांची नोंदही त्यात घेतली. एका गावात ते काम तरुण मंडळाच्या मुलांनी केलं होतं, तिथे त्यांचं नाव आलं. ते योग्यच झालं.

31 मे 2023 ला, अहिल्यादेवींच्या जयंतीला, शासनाच्या निर्णयानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन कर्तबगार महिलांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार दिला गेला. आमच्या गावात एक पुरस्कार आशा ताईंना मिळाला, कोरोनातल्या कामाबद्दल, आणि तो त्यांचाच होता. दुसरा आक्कांना. अहिल्यादेवी स्वतः वैधव्य आल्यावर राज्यकारभार चालवणाऱ्या. त्यांच्या नावाचा पुरस्कार या कामासाठी मिळावा, याहून मोठा मान आमच्या ग्रामसंघाला दुसरा कुठला असणार? आक्कांच्या सन्मानपत्रासोबत आप्पांनी जानेवारीच्या ठरावाची नक्कलही जोडून दिली.

हे मी जून 2023 मध्ये लिहिते आहे. राज्यात कायदा अजून झालेला नाही. जुलैत मुंबईत पावसाळी अधिवेशन आहे. त्याआधी आम्ही तालुक्यातल्या गावांचे ठराव एकत्र बांधून स्मरणपत्रासोबत पाठवणार आहोत. ज्या गावांनी शिफारस केली आहे पण कामाची नोंद घेतलेली नाही, त्यांनी येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ती घ्यावी, विषय आठवडाभर आधी ग्रामसेवकांकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ठरावात सूचक आणि अनुमोदक म्हणून निदान एक बाई असू द्या. नावं लिहिण्याआधी प्रत्येकीची लेखी संमती घ्या. आणि अंत्यविधीआधी घरी जाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी, ते वाक्य काही झालं तरी गाळू देऊ नका. आमच्या ठरावाचा नमुना ग्रामसंघाकडे आहे, ज्यांना हवा त्यांनी बैठकीच्या दिवशी यावं, मी लिहून देईन.